मंगळाईच्या बुरजातला पिंपळ: उपटायचा, कापायचा की राहू द्यायचा?

मोतीचौक | रविवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी.

गेली नऊ वर्षं मी पहाटे साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडावर चालायला जातो. मुख्य दरवाजा, मारुती, मग डावीकडची मंगळाईची वाट, देवीला नमस्कार आणि देवळासमोरच्या बुरजावर पाच-दहा मिनिटं. खाली सातारा हळूहळू जागा होत असतो. उजवीकडं पोवई नाक्यावरच्या गाड्यांचे दिवे, डावीकडं राजवाड्याच्या बाजूची दाटी, आणि मधे कुठंतरी आमचं घर.

आज भाची बरोबर होती. सातवीत आहे. बुरजावर उभी राहून म्हणाली, "मामा, हा बुरूज तर सुरुंगानं उडाला होता ना? मग आपण उभे कशावर आहोत?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच बोट दाखवलं. बुरूज तटाला भिडतो त्या कोपऱ्यात, आतल्या अंगाला, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून पिंपळ आलाय. माझ्या कमरेएवढा. पानं अजून कोवळी, तांबूस. मी रोज तिथून जातो आणि मला तो दिसला नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

जवळ जाऊन बघितलं. मूळ अंगठ्याएवढं जाड. सांध्यातल्या चुन्याला नख लावलं तर पीठ होऊन हातात आलं. वरच्या चिऱ्याला तळहात टेकवून हलकं दाबलं तर तो किंचित हलला आणि आतून बारीक कुरकुर ऐकू आली, जात्यात खडा यावा तशी. खालच्या थरात कुणीतरी कधीकाळी सिमेंट थापलंय. त्या सिमेंटच्या कडेनं पाण्याचा पांढरा ओघळ उतरलाय.

मित्र म्हणतो, कोयत्यानं छाटून टाक. आई म्हणते, पिंपळाला हात लावू नकोस. बरोबर चालणारे एक काका म्हणतात, पोतंभर सिमेंट मी देतो, बुजवून टाकू. मला कळेना. जाणत्यांनी सांगावं.

---

रानजाई | रविवार, दुपारी १२:०५

मोतीचौक, आधी एक विनंती. ओढू नका.

पिंपळ, वड, उंबर ही एकाच कुळातली झाडं. पाखरं फळं खातात, तटावर बसतात, विष्ठेतून बी सांध्यात पडतं. थोडी धूळ आणि पावसाचा ओलावा एवढ्यावर ते रुजतं. वर कमरेएवढं दिसतंय म्हणजे मुळं आत बरीच लांब गेली असणार. अशा वेळी झाड ओढलं की मुळांनी धरलेले दगडही बरोबर निघतात. आणि नुसतं छाटलं तर बुंध्यापासून एकाऐवजी चार फुटवे येतात आणि मूळ जाड होत राहतं. म्हणजे कोयत्याचा सल्ला देणाऱ्या मित्राला सांगा, दर वर्षी छाटणं म्हणजे मुळाला पोसणं.

वीतभर रोप असेल तर पावसाळ्यात, सांधा ओला असताना, हातानं अलगद मुळासकट निघतं. तुमचं त्यापुढं गेलंय. आता मूळ जागच्या जागी मारावं लागेल, आणि त्यानंतर पोकळी भरावी लागेल. दोन्ही कामं माहितगाराची.

---

पेठकरी | रविवार, दुपारी १२:२०

सिमेंट नको. हात जोडतो.

---

शाहूपुरीकर | रविवार, दुपारी २:१५

भाचीचा प्रश्न फार चांगला आहे, त्याचं उत्तर आधी देतो. पिंपळाचं जाणते सांगतीलच.

औरंगजेब बादशहा स्वतः साताऱ्यावर चालून आला तो डिसेंबर १६९९ मध्ये. त्याचा तळ उत्तरेला करंज्याला. शहाजादा आझम पश्चिमेला, ज्या गावाला पुढं शहापूर नाव पडलं तिथं. पूर्वेकडून मोगल सरदार तरबियतखान. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू, शिवाजी महाराजांच्या तालमीत तयार झालेला माणूस. शिबंदीनं, म्हणजे गडावरच्या फौजेनं, वरून मोठमोठे धोंडे लोटून मोगलांना हैराण केलं. पलीकडं परळीच्या गडावरून, म्हणजे आपल्या सज्जनगडावरून, परशुराम त्रिंबक साताऱ्याला रसद पोचवत होते.

तोफांनी काम होईना म्हणून तरबियतखानानं ईशान्य कोपऱ्याच्या बुरजाखाली सुरुंग खणायला घेतले. हाच तो मंगळाईचा बुरूज. गडाच्या सगळ्यात बळकट जागांपैकी ही एक. इंग्रजी अमदानीतल्या नोंदीत त्याचं माप आहे: एकूण ६७ फूट उंची, त्यातला ४२ फूट उभा कातळ आणि वर २५ फूट बांधकाम. हा ४२ फुटांचा कातळ पोखरायला काही महिने लागले.

१३ एप्रिल १७००. पहिला सुरुंग उडाला आणि तटाचं बांधकाम आतल्या बाजूला कोसळलं. किती तरी मावळे गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली. हल्ल्यासाठी मोगल सैन्य कड्याच्या पायथ्याशी दाटीवाटीनं उभं होतं. मग दुसरा सुरुंग उडाला, आणि या वेळी अख्खा कडा बुरजासकट बाहेर कलंडला, थेट त्यांच्याच अंगावर. दोन हजारांवर माणूस त्यात गेलं.

आणि प्रयागजी? देवीच्या देवळाजवळ ढिगारा उपसला तेव्हा ते जिवंत निघाले.

मंगळाईला मी नमस्कार करतो तो हे आठवून करतो.

---

कंदीपेढा | रविवार, दुपारी २:३१

अंगावर काटा आला राव. मी शाळेत असताना सहलीला दहा वेळा तरी तिथं गेलोय, कुणी त्या जागेवर उभं करून हे सांगितलं नाही. "हा बुरूज, हे देऊळ, रांगेत चला," एवढंच.

भाचीला पुढच्या वेळी पेढे माझ्याकडून.

---

तोफखाना | रविवार, संध्याकाळी ५:५०

शाहूपुरीकर, तपशील नेहमीप्रमाणे चोख. पण पुढं कुणी "बाराव्या शतकातला बुरूज वाचवा" असं लिहायच्या आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण चुकीचं नाव लावलं की दुरुस्तीही चुकीची होते.

गड शिलाहारांचा, दुसऱ्या भोजाच्या नावावर सांगितला जातो, बाराव्या शतकाचा शेवट. त्यानंतर बहमनी आले, आदिलशाही आली. चांदबिबीला १५८० मध्ये इथंच कैदेत ठेवलं होतं. मग १६७३ मध्ये महाराजांनी गड घेतला. मग मोगलांनी "आझमतारा" केला, पुन्हा मराठ्यांनी घेऊन "अजिंक्यतारा" केला. १८१८ मध्ये इंग्रज. इतक्या हातांतून गेलेला गड. १७०० मध्ये जो बुरूज बाहेर कलंडला तो दरीत गेला. आज दिसतो तो नंतर उभा केलेला आहे. इंग्रजी अमदानीत २५ फूट बांधकाम मोजता आलं, ते याच कारणानं.

मग भोजाचं काय उरलं? माझ्या मते कातळ, कातळात खोदलेली टाकी-तळी, आणि तट कुठून न्यायचा याची आखणी. चिरे नंतरचे.

---

शाहूपुरीकर | रविवार, संध्याकाळी ६:४०

तोफखाना, मान्य. पण एक भर. पडलेला बुरूज बांधताना माणसं नवा दगड खाणीतून काढत बसत नाहीत, आधी हाताशी पडलेला चिरा उचलतात. त्या बुरजात वेगवेगळ्या घडणीचे दगड शेजारी-शेजारी आहेत. काही टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, नीट तासलेले, काही नुसते सुतकीनं, म्हणजे घणानं, फोडलेले. त्यामुळं "सगळं नंतरचं" असंही मी म्हणणार नाही. दगड जुना, मांडणी नवी.

---

तोफखाना | रविवार, संध्याकाळी ६:५५

हे पटतं. तपासायला पाहिजे. पुढच्या वेळी तासणीच्या खुणा जवळून बघतो.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:१०

सांगलीहून नमस्कार. तुमचा बुरूज पडला आणि पुन्हा उभा राहिला. आमच्याकडं खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे, म्हणजे भूपाळगड. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानानं तो घेतला, वाचलेल्या ७०० जणांचा एकेक हात तोडला आणि तटबुरूज पाडून टाकले. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. तिथं बहिर्जी नाइकांची समाधी आहे म्हणून लोक जातात. पण तटाचं म्हणाल तर दगडांच्या राशी. त्या राशींमधून फिरताना जे वाटतं ते सांगता येत नाही. वडील मला लहानपणी घेऊन गेले होते. त्यांनी एक चिरा हातानं झाडला, त्यावर बसले नाहीत, बाजूला जमिनीवर बसले आणि आम्ही भाकरी खाल्ली.

म्हणून सांगतो, तुमच्याकडं उभा बुरूज आहे. एका चिऱ्याची कुरकुर ऐकू आली तेव्हाच धागा काढलात, हे फार चांगलं केलंत.

---

सौ. अनामिका | रविवार, रात्री ९:३०

मोतीचौक, तुमच्या आईंचं म्हणणं सोडून देऊ नका. आमच्या घरीही पिंपळ तोडत नाहीत. माझ्या सासूबाई परसातल्या भिंतीत पिंपळ आला की सरळ माझ्या हातात तांब्या द्यायच्या. आधी झाडाला पाणी घालायचं, हात जोडायचे, "तुला दुसरीकडं जागा देते" म्हणायचं, मगच काढायचं. आणि खरंच दुसरीकडं लावायचं. त्यांनी लावलेले तीन पिंपळ आज आमच्या गावच्या ओढ्याकाठी आहेत, दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत.

श्रद्धाही राहते, भिंतही राहते.

---

रानजाई | रविवार, रात्री ९:४८

अनामिकाताई, किती छान. आणि शास्त्रालाही धरून आहे, कारण लहान असतानाच काढलेलं रोप जगतं. इथलं मोठं झाड जगवता येणं कठीण, पण त्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर लावली तर रुजते. मोतीचौक, आईंना हे नक्की सांगा.

---

पूलवाला | सोमवार, सकाळी ७:२०

मी बांधकामातला माणूस, वीस वर्षं पूल बांधतोय. सिमेंटला इतकं वाईट का ठरवताय? चुना आठवडे-आठवडे ओला राहतो, साताऱ्याच्या पावसात धुऊन जाईल. सिमेंटनं सांधा बंद केला की बी रुजायला जागाच राहत नाही. सोपा उपाय आहे.

---

घाणीचा चुना | सोमवार, सकाळी १०:०५

पूलवाले दादा, तुमच्या पुलाबद्दल आदर आहे. पण पूल आणि बुरूज यांच्या अंगात फरक आहे. माझे आजोबा गवंडी होते. वाडे, घाट, देवळांची शिखरं यांची डागडुजी केली. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. जे त्यांच्याकडून ऐकलं ते लिहितो.

बुरूज म्हणजे अख्खा दगड नव्हे. बाहेर घडीव चिऱ्याचा एक पदर, आत एक पदर, आणि मधे भर: दगड, माती, मुरूम, चुना. पावसाचं पाणी वरून या भरीत उतरतं. काळा पाषाण पाणी पीत नाही, म्हणून पाण्याला बाहेर यायला वाट एकच, सांध्यातली. जुना चुना पाणी हळूहळू बाहेर सोडतो आणि सुकतो. तिथं सिमेंट भरलं की वाट बंद. पाणी आत साठतं, भर फुगते, बाहेरचा पदर पोट काढतो. आजोबा म्हणायचे, "भिंत पोटुशी झाली की आपल्या हातात नाय राहत." एक दिवस पोट फुटतं आणि पाच-पाच फुटांचा पदर एकदम खाली येतो. तेव्हा सिमेंट तसंच घट्ट असतं, दगडासकट पडलेलं.

मोतीचौकनी पांढरा ओघळ लिहिलाय ना, तीच खूण. सिमेंटनं अडवलेलं पाणी कडेनं वाट काढतंय आणि जाताना आतला चुना विरघळवून नेतंय. म्हणून वरच्या सांध्यातला चुना पीठ झाला. आणि पीठ झालेल्या सांध्यात पिंपळ आला. पिंपळ नंतर आलाय, आधी सिमेंट आलंय.

---

पूलवाला | सोमवार, सकाळी १०:४०

हा मुद्दा मी या बाजूनं कधी बघितला नव्हता. आम्ही आधारभिंतीला पाणी निघायला नळ्या ठेवतो, त्या बंद झाल्या की भिंत ढकलली जाते, हे रोज बघतो. इथं सांधाच नळीचं काम करतोय. शब्द मागे घेतो. चुना धुऊन जाण्याबद्दल मात्र सांगा.

---

घाणीचा चुना | सोमवार, दुपारी १:१५

आनंदानं.

धुऊन जातो तो घाईचा चुना. भाजलेली चुनखडी, म्हणजे कळीचा चुना, आधी पाण्यात विरवायचा. टाकला की पाणी उकळायला लागतं, भांड्याजवळ उभं राहवत नाही. मग तो पाण्याखाली मुरत ठेवायचा, निदान काही आठवडे. मुरला की लोण्यासारखा होतो, बोटाला चिकटत नाही, बोटावरनं सरकतो. मग घाणी. पुष्कळ गडांवर गोल चर आणि त्यात उभं दगडी चाक बघितलं असेल, बैल लावून फिरवायचे. त्यात चुना, वाळू, विटेची भुकटी म्हणजे सुरखी. सुरखीमुळं चुना ओल्यातही धरतो. वरनं गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर. कामाप्रमाणं आणि गवंड्याप्रमाणं हे बदलायचं, आमच्याकडं हिरडा हमखास.

आजोबांची परीक्षा साधी होती. मळलेल्या चुन्याचा गोळा थापीवर घेऊन थापी उलटी करायची. पडला तर परत घाणीत. धरून राहिला तर भिंतीवर.

दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायचा हंगाम पावसाळा संपल्यावर, थंडीत. ऊन कडक नको. भरल्यावर ओली गोणपाटं लावून आठ-दहा दिवस पाणी मारायचं. एकदा धरला की चुना हवेतून वर्षानुवर्षं कठीण होत जातो. तुम्ही पावसाचं म्हणता, पण प्रतापगड काय कोरड्या मुलखात आहे?

---

कंदीपेढा | सोमवार, दुपारी १:२२

"बोटावरनं सरकतो." माझी आजी खव्याबद्दल नेमकं हेच म्हणायची, दादा. मुरलेला खवा चिकटत नाही. आमच्या घरचे पेढे त्याच परीक्षेवर वळले जायचे.

---

माहुलीकर | सोमवार, संध्याकाळी ४:००

विषयांतर आहे, माफ करा. साताऱ्याचं नाव सात डोंगरांवरून, की गडाच्या सतरा बुरजांवरून? आमच्या घरी यावर जेवताना वाद होतो.

---

शाहूपुरीकर | सोमवार, संध्याकाळी ४:३५

माहुलीकर, दोन्ही कथा लोक सांगतात. "सप्तर्षी" हे गडाचं जुनं नावही सांगतात. माझ्या मनात सात डोंगर आहेत, कारण बुरजावरून ते दिसतात: यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, नांदगिरी... पण मनात असणं हा पुरावा नाही. जेवताना वाद चालू ठेवा.

---

नंदिनी_कोडोली | सोमवार, संध्याकाळी ६:१०

मी इतिहासातली नाही, वनस्पतीतलीही नाही. एवढंच लिहायचंय की लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा मला दिशा कळायच्या नाहीत. सासरे म्हणाले, "गड बघायचा. गड कुठं आहे ते कळलं की घर कुठं आहे ते कळतं." तेव्हापासून कुठल्याही गल्लीतनं बाहेर आले की आधी मान वर. सासरे गेले त्या वर्षी पावसाळ्यात दहा दिवस ढगांनी गड दिसलाच नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी ढग फाटले, पहिला तो कोपऱ्यातला बुरूज दिसला, आणि मी रस्त्यात उभी राहून रडले.

त्या बुरजाचा एकही दगड हलू नये असं मला वाटतं. पैसे, वेळ, काहीही लागलं तर सांगा.

---

पेठकरी | सोमवार, संध्याकाळी ६:१४

नंदिनीताई, +१. दुसरं काही लिहवत नाही.

---

कातळकडा | सोमवार, रात्री ८:५०

उशिरा आलो. सगळं वाचलं.

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. पहिली, वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गडाच्या उतारावर गवत पेटतं, बहुतेक वेळा माणसाच्या हातानं. तटाला लागून गवत वाढलेलं असेल तर ती धग दगडाला लागते, सांधा कोरडा होऊन भेगाळतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण ओल्या फांद्या घेऊन विझवत होतो, रात्री अकरापर्यंत. म्हणून दिवाळीनंतर तटापासून दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा करणं हे साध्या माणसालाही करता येण्यासारखं काम आहे. त्याला चुना लागत नाही, विळा लागतो.

दुसरी, परवानगी. आपला जीव कितीही तुटत असला तरी जुन्या वास्तूच्या सांध्याला आपण हात लावायचा नाही. मी हे अनुभवानं सांगतोय. आठ वर्षांपूर्वी एका गडावर (नाव लिहीत नाही) आम्ही उत्साहानं तट "साफ" केला. पहारीनं झुडपं काढली, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. पुढच्या पावसाळ्यात तीच सोळा फूट लांबी खाली आली. ती झुडपंच दगड धरून होती. त्या दिवसापासून मी पहार उचललेली नाही.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९:०५

कातळकडा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. असं सांगायला धैर्य लागतं.

---

तोफखाना | सोमवार, रात्री ९:४०

त्या १७०० च्या ढिगाऱ्याबद्दल एक राहिलं होतं, ते लिहितो. बाहेर कोसळलेल्या कड्याखाली मोगलांचं बहेलिया पायदळ मोठ्या संख्येनं गाडलं गेलं. ते हिंदू होते. आपल्या भाऊबंदांना बाहेर काढून अग्नी देणं शक्य नव्हतं, म्हणून वाचलेल्यांनी रात्री मोर्च्याच्या, म्हणजे वेढ्यासाठी उभारलेल्या, लाकूडसामानालाच आग लावली. ती सात दिवस जळत होती.

मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. धान्य-वैरण संपत आली होती. २१ एप्रिलला गड खाली झाला. म्हणजे बुरूज पडल्यानंतरही आठ दिवस शिबंदी त्या उघड्या खिंडारामागं उभी होती. भाचीला हेही सांगा. आपण उभे राहतो ती जागा आठ दिवस माणसांनी भरून काढली होती.

---

मोतीचौक | मंगळवार, सकाळी ९:३०

मंडळी, काल रात्री सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिनं अनामिकाताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

आज पहाटे मी आणि भाची पुन्हा गेलो, शाळेच्या आधी. कशालाही हात लावला नाही. घाणीचा चुना यांनी भिंतीच्या पोटाचं लिहिलं म्हणून ओळंबा नेला होता, दोरीला दगड बांधून केलेला. भाचीनं वरून धरला, मी खालून बघितलं. पिंपळाच्या दोन हात उजवीकडं, सिमेंटच्या वरच्या तीन थरांत, भिंत दोरीच्या बाहेर आलीय. तीन बोटं. डावीकडं, जिथं सिमेंट नाही, तिथं दोरी वरपासून खालपर्यंत दगडाला लागून. हे बघून पोटात गोळा आला.

सगळ्या सांध्यांचे फोटो काढलेत, पट्टी शेजारी धरून. आणि शाहूपुरीकर, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पिंपळाच्या वरचा चिरा तासलेला आहे, टाकीच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसतात. त्याच्या शेजारचा नुसता फोडलेला.

भाचीनं विचारलं, "मामा, हा रेघावाला दगड आधीच्या बुरजातला असेल का?" मी म्हटलं, असेल. तिनं त्याला बोटही लावलं नाही.

---

घाणीचा चुना | मंगळवार, सकाळी १०:१५

तीन बोटं म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. फोटोंवर तारीख आणि माप लिहा. दर महिन्याला त्याच जागी ओळंबा सोडा. वाढतंय की थांबलंय हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. तोवर त्या कोपऱ्यावर कुणाला बसू देऊ नका.

---

पूलवाला | मंगळवार, सकाळी १०:५०

मापांचा तक्ता आणि भिंतीचं रेखाचित्र मी करून देतो. अर्जाबरोबर रेखाचित्र असलं की तो बाजूला पडत नाही. मोतीचौक, फोटो पाठवा. रविवारी मी स्वतः येतो, चांगली फीत आणि खरा ओळंबा घेऊन.

---

कातळकडा | मंगळवार, सकाळी ११:२०

अर्जाचा मसुदा मी लिहितो. मागण्या तीनच ठेवू. मूळ जागच्या जागी मारणं, सिमेंट काढून चुन्यानं दरजा भरणं, आणि वरून भरीत पाणी उतरतं ती जागा बंद करणं. गवताच्या पट्ट्यासाठी वेगळी परवानगी मागू, ते आपण स्वतः करू.

---

सौ. अनामिका | मंगळवार, दुपारी १२:००

आणि फांदी? ती कोण लावणार?

---

मोतीचौक | मंगळवार, दुपारी १२:१०

आई. जागा तिनं आजच ठरवली, महादऱ्याच्या वाटेवर आमच्या मामांच्या शेताचा बांध. परवानगी आली आणि झाड काढायला माहितगार आले की फांदी तेव्हाच घ्यायची. ती म्हणाली, त्या दिवशी मला गडावर घेऊन चल, तांब्या मी आणते.

---

नंदिनी_कोडोली | मंगळवार, दुपारी १२:१८

रविवारी किती वाजता?

---

मोतीचौक | मंगळवार, दुपारी १२:२५

सहा वाजता, मुख्य दरवाज्यात. विळे नकोत, पहार नको. पाण्याची बाटली आणि वही आणा.